बेंगळुरूत गाडी बदलताना : जवळचा मार्ग की खात्रीचा मार्ग?

बेंगळुरू शहरात लांब पल्ल्याच्या गाड्यांची चार प्रमुख स्थानके आहेत. मुंबई, पुणे, सोलापूर, मिरज किंवा बेळगावहून आलेला प्रवासी त्यांपैकी एका स्थानकावर उतरतो. मात्र केरळ, कोलकाता किंवा गुवाहाटीकडे जाणारी त्याची पुढची गाडी अनेकदा दुसऱ्याच स्थानकावरून सुटते. अशा वेळी मधले शहर ओलांडण्याची जबाबदारी प्रवाशावरच येते. कोरमंगला भागात राहणाऱ्या नातेवाइकांकडे मुक्काम करून पुढे जाणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो.

नकाशावर जवळ दिसणारा मार्ग प्रत्यक्षात उशिराचा ठरू शकतो. कोणत्या स्थानकावर उतरायचे आणि कोठून चढायचे, याचा निर्णय शहरात पोहोचल्यावर नव्हे, तर आरक्षण करतानाच घेतला, तर निम्मी अडचण दूर होते.

चार स्थानके, चार दिशा

शहराच्या मध्यभागी क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा, म्हणजेच केएसआर बेंगळुरू हे मुख्य स्थानक आहे. मुंबईहून येणारी उद्यान एक्सप्रेस येथे येते. वायव्येकडे यशवंतपूर स्थानक असून मिरज, बेळगाव, हुबळी, अर्सिकेरे या मार्गाने येणाऱ्या गाड्या शहरात शिरताना प्रथम तेथे पोहोचतात. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली बेळगाव–बेंगळुरू वंदे भारत एक्सप्रेसही यशवंतपूरला थांबून केएसआरला जाते. तिसरे स्थानक कॅन्टोन्मेंटचे. गुंतकलमार्गे येणाऱ्या काही गाड्या तेथे थांबतात.

चौथे आणि सर्वांत नवे स्थानक म्हणजे बैयप्पनहळ्ळी येथील सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल. सात फलाटांचे हे स्थानक ६ जून २०२२ पासून वापरात आले. एर्नाकुलम, हावडा, गुवाहाटी अशा दूरच्या ठिकाणांकडे जाणाऱ्या अनेक गाड्या येथून सुटतात. केएसआरपासून ते रस्त्याने सुमारे १० किलोमीटर अंतरावर आहे. मराठी प्रवाशांची सर्वाधिक धावपळ होते ती याच दोन स्थानकांदरम्यान.

नावांचा घोळ

या धावपळीत नावांमुळे होणारी चूक महागात पडू शकते. मेट्रोच्या जांभळ्या मार्गावर 'सर एम. विश्वेश्वरय्या स्थानक, सेंट्रल कॉलेज' नावाचे स्थानक आहे. रेल्वेच्या सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनलशी त्याचा काहीही संबंध नाही. ते मॅजेस्टिकच्या अगदी पुढचे स्थानक असून टर्मिनल तेथून कित्येक किलोमीटर पूर्वेला आहे. टर्मिनलकडे जाणाऱ्याने मेट्रोतून बैयप्पनहळ्ळीला उतरणे आवश्यक आहे.

केएसआर स्थानकाजवळही दोन मेट्रो स्थानके आहेत. संगोळ्ळी रायण्णा रेल्वे स्थानक हे मेट्रो स्थानक फलाट क्रमांक १० च्या बाजूस असून पादचारी पुलाने जोडलेले आहे. नाडप्रभू केंपेगौडा, म्हणजेच मॅजेस्टिक हे स्थानक फलाट क्रमांक १ च्या बाजूस, बसस्थानकांलगत आहे. जांभळा आणि हिरवा हे दोन्ही मार्ग मॅजेस्टिकला एकमेकांना मिळतात. गाडी कोणत्या फलाटावर लागली, त्यावरून कोणत्या बाजूने बाहेर पडावे हे ठरवल्यास सामानासह होणारी पायपीट वाचते.

पहिला प्रश्न : शहर ओलांडायलाच हवे काय?

मार्ग निवडण्यापूर्वी प्रवाशाने हा प्रश्न स्वतःला विचारावा. सेलम किंवा कोइमतूरला जाणाऱ्यांसाठी लोकमान्य टिळक टर्मिनसहून बेंगळुरूमार्गे थेट गाडी आहे. म्हैसूर आणि चेन्नईकडे जाणाऱ्या अनेक गाड्या केएसआरवरूनच मिळतात. एकाच स्थानकावर गाडी बदलता येत असेल, तर दोन तास अधिक थांबावे लागले तरी तो पर्याय सहसा अधिक सुरक्षित ठरतो.

शहर ओलांडणे अपरिहार्य असेल, तर केएसआर ते टर्मिनल या प्रवासासाठी मेट्रोचा जांभळा मार्ग उपयोगी पडतो. संगोळ्ळी रायण्णा स्थानकापासून बैयप्पनहळ्ळी दहावे स्थानक आहे आणि वाटेत गाडी बदलावी लागत नाही. मात्र मेट्रो टर्मिनलच्या दारात नेऊन सोडत नाही. बैयप्पनहळ्ळीपासूनचा शेवटचा टप्पा बसने किंवा रिक्षाने पार करावा लागतो. अंतर थोडे असले, तरी रात्री, पावसात किंवा वृद्धांसोबत जाताना याच टप्प्यात वेळ जातो. त्यासाठी वेगळी सवड ठेवावी.

येथे एक कमी परिचित पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. केरळ व तामिळनाडूकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या शहर सोडताना कृष्णराजपुरम स्थानकावर थांबतात. जांभळ्या मार्गावरील के. आर. पुरा हे मेट्रो स्थानक त्याच्या लगतच आहे. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी बैयप्पनहळ्ळी ते के. आर. पुरा हा मधला तुकडा सुरू झाल्यापासून केएसआरहून तेथे एकाच मेट्रोने जाता येते. आपली गाडी कृष्णराजपुरमला थांबत असल्यास चढण्याचे स्थानक तेच ठेवावे. रिक्षाचा टप्पा टळतो. चढण्याचे स्थानक नंतर मुदतीत बदलता येते, परंतु एकदा बदल केल्यावर मूळ स्थानकावरून चढण्याचा हक्क राहत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कोरमंगलाचे गणित

कोरमंगलाच्या वस्तीत अद्याप मेट्रोचे स्थानक नाही. मात्र १० ऑगस्ट २०२५ रोजी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा १९.१५ किलोमीटरचा पिवळा मार्ग सुरू झाल्याने परिस्थिती बदलली. या मार्गावरील सेंट्रल सिल्क बोर्ड हे स्थानक कोरमंगलाच्या दक्षिण टोकाला जवळ पडते.

मिरज–बेळगावकडून येणाऱ्या प्रवाशाने केएसआरपर्यंत न जाता यशवंतपूरला उतरून पाहावे. यशवंतपूर मेट्रो स्थानक हिरव्या मार्गावर आहे. तेथून थेट आर. व्ही. रोड गाठण्यास सुमारे अर्धा तास लागतो. तेथे एकदाच गाडी बदलून पिवळ्या मार्गावरील चौथे स्थानक सिल्क बोर्डचे. याउलट केएसआरला उतरून संगोळ्ळी रायण्णा स्थानकातून मेट्रो धरल्यास मॅजेस्टिक आणि आर. व्ही. रोड अशा दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते. नकाशावर कोरमंगलाला केएसआर अधिक जवळ आहे. सामान घेऊन जिने चढणाऱ्याला यशवंतपूर सोयीचे आहे.

यातही एक मेख आहे. पिवळा मार्ग सुरू झाला तेव्हा दोन मेट्रोगाड्यांमधील अंतर सुमारे २५ मिनिटांचे होते. नव्या गाड्या आल्या तसे ते कमी होत गेले. तरीही ज्या मार्गावर गाड्या विरळ असतात, तेथे एक गाडी चुकली की संपूर्ण हिशेब बिघडतो. म्हणून प्रवासाचा वेळ मोजताना सर्वांत विरळ सेवेचे अंतर पूर्ण धरावे.

कोरमंगलाचा कोणता ब्लॉक, हेही महत्त्वाचे आहे. सर्जापूर रस्त्याच्या बाजूच्या पहिल्या ब्लॉकला सिल्क बोर्ड सोयीचे. इनर रिंग रोडलगतच्या चौथ्या ब्लॉकला मात्र जांभळ्या मार्गावरील इंदिरानगरला उतरून पुढे रिक्षाने जाणे बरे पडू शकते. एजिपुरा उड्डाणपुलाचे २०१७ मध्ये सुरू झालेले काम अनेक वर्षे रेंगाळल्याने या परिसरातील वाहतुकीची कोंडी शहरात सर्वश्रुत झाली. गर्दीच्या वेळी रस्त्यावरचा टप्पा जितका लहान, तितका मार्ग खात्रीचा.

तिकिटाचे संरक्षण

ब्रिटनमध्ये लंडन ओलांडून जाणाऱ्या अनेक रेल्वे तिकिटांवर एक विशिष्ट खूण असते. त्या तिकिटावर दोन स्थानकांमधला भुयारी रेल्वेचा प्रवासही करता येतो. भारतात तशी व्यवस्था नाही. मेट्रोचे तिकीट वेगळे काढावे लागते. फेब्रुवारी २०२५ मधील दरवाढीनंतर बेंगळुरू मेट्रोचे कमाल भाडे ९० रुपये झाले. ठराविक आकाराहून मोठ्या सामानासाठी वेगळे शुल्क आकारले जाते.

पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर स्वतंत्रपणे काढलेल्या दुसऱ्या तिकिटाचे पैसे सहसा बुडतात. हे टाळण्यासाठी भारतीय रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर परस्परांशी जोडण्याची सुविधा दिली. दोन्ही तिकिटांवरील प्रवाशांचा तपशील सारखा असल्यास आणि पहिल्या गाडीच्या विलंबामुळे दुसरी चुकल्यास न झालेल्या प्रवासाचे भाडे परत मिळू शकते. स्थानकांसंबंधीची अट मात्र आरक्षणाच्या वेळीच तपासून घ्यावी. विशेषतः एका स्थानकावर उतरून दुसऱ्यावरून निघणाऱ्यांनी ही काळजी घेणे आवश्यक आहे.

वेळापत्रक पुन्हा पाहावे

रात्रभराचा प्रवास करून येणाऱ्या गाड्या पहाटे पोहोचतात. मेट्रो रविवारी इतर दिवसांपेक्षा उशिरा सुरू होते. सोमवारी पहाटे परतणाऱ्यांच्या सोयीसाठी जानेवारी २०२५ पासून जांभळ्या व हिरव्या मार्गांवर ४ वाजून १५ मिनिटांनी पहिली गाडी सोडण्यास प्रारंभ झाला. थांबेही कायम राहतातच असे नाही. कॅन्टोन्मेंट स्थानकाच्या पुनर्विकासासाठी २०२४ च्या अखेरीस अनेक गाड्यांचे तेथील थांबे काही महिने रद्द झाले होते. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी गाडीचे थांबे आणि मेट्रोची पहिली वा शेवटची गाडी पडताळून पाहणे हिताचे.

बैयप्पनहळ्ळी ते चिक्कबाणावर हा यशवंतपूरमार्गे जाणारा उपनगरी रेल्वेमार्ग आणि कोरमंगलाच्या पश्चिमेकडून जाणारा मेट्रोचा गुलाबी मार्ग पूर्णपणे कार्यान्वित झाल्यावर ही गणिते पुन्हा बदलतील. नियम मात्र तोच राहील. कमी किलोमीटरपेक्षा कमी बदल पाहावेत, शेवटच्या टप्प्याला पुरेशी सवड द्यावी आणि एखादी गाडी चुकली तर पुढची कधी, हे आधीच ठाऊक असावे.