टाळ-मृदंगावरचा ख्रिस्त

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना मराठी वाचक ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखतो. मला ही ओळख फार अपुरी वाटते. टिळकांचे जे शब्द लोकांच्या ओठांवर सर्वाधिक राहिले, ते ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतसंग्रहातल्या पदांत आहेत. मराठी ख्रिस्ती मंडळ्या पिढ्यान् पिढ्या ते म्हणत आल्या. वाङ्मयाच्या चर्चेत मात्र ही पदे ‘धार्मिक’ म्हणून बाजूला पडली.

या पदांची मुळे शोधायला नाशिकला यावे लागते. कोकणातल्या करजगावी 1861 साली जन्मलेले टिळक आईच्या मृत्यूनंतर घर सोडून इथे आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. 1880 साली त्यांचे लग्न झाले तेही नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी. याच लक्ष्मीबाई, पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या. कीर्तन, पुराण, वाद, वक्तृत्व यांत टिळक आकंठ रमलेले होते. ते सगळे बरोबर घेऊनच ते नागपूर-राजनांदगावकडे गेले. त्या वाटेवर आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचा ताबा घेतला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तोवर मिशनांच्या उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरे बरीच चालत. परक्या चालीत मराठी शब्द बसवायचा म्हणजे ऱ्हस्वाला ताणायचे आणि दीर्घाला आखडायचे. देशी चालींची वाट नगरच्या कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी आधीच धरली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे कडवे महाराष्ट्राच्या कानात शतकानुशतके मुरलेले आहे. नगर भागातल्या मंडळ्यांत महार-मांग समाजातून आलेली माणसे मोठ्या संख्येने होती. अक्षरओळख नसली तरी अभंगाची ओळख त्यांना होतीच. पुस्तक न उघडता म्हणता येईल अशी उपासना टिळकांनी त्यांना दिली, हे त्यांचे सर्वांत मोठे काम असे मी मानतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते स्वतः सांगत.

त्या पदांतली तळमळ मात्र नुसत्या छंदातून येत नाही. धर्मांतराने घर मोडले होते. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन जवळजवळ पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. परतल्यावरही सोवळे लगेच सुटले नाही. देवाने जात केली नाही, हे त्यांनी स्वतःच विचार करून ठरवले आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. घरदार, जात, मानमरातब गमावलेला माणूस देवाला ‘तूच माझा’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे किंमत मोजलेली असते. टिळकांचा ख्रिस्त राजा असतो, पण त्याहून अधिक तो सखा आणि आई असतो. मिशनरी निकल मॅकनिकल यांनी इंग्रजीत नेलेले त्यांचे एक पद ब्रिटनमधल्या चर्चच्या गीतपुस्तकातही गेले.

1912 पासून टिळक ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळत होते. शेवटी मिशनचा पगार सोडून 1917 साली साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य अपुरे राहिले. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात 64 अध्यायांची भर घालून ते पूर्ण केले.