कुर्र ऐकू आले का?

बारशाच्या दिवशी पाळणा सजतो, घुगऱ्या शिजतात, आणि आत्याबाई पुढे होऊन बाळाच्या कानाशी तोंड नेतात. नाव सांगून 'कुर्रर्र' म्हणतात न म्हणतात तोच मागच्या बायका त्यांच्या पाठीत धपाटे घालतात आणि घरभर हशा पिकतो. वसईत एका आळीत हे चाललेले असते, तेव्हा पलीकडच्या आळीत बाप्तिस्म्याच्या वेळी फादर बाळाच्या कानांना आणि ओठांना बोट लावून ते मोकळे होवोत अशी प्रार्थना करतात. तिकडे सोपाऱ्यातल्या एखाद्या मुसलमान घरात आजोबा नवजात नातवाच्या उजव्या कानात अजान म्हणतात. धर्म तीन, पण बाळाशी पहिली ओळख करून घेण्याची वाट तिघांनीही एकच धरली आहे, ती कानाची.

नवल एवढेच की ते नाव, ती प्रार्थना, ती अजान आत पोचली की नाही हे बहुतेक घरांत कोणी पाहत नाही. बाळाचे वजन होते, रंग पाहिला जातो, नाक कोणावर गेले यावर दोन्हीकडच्या आज्यांचे वादही होतात. कान मात्र दिसायला सुबक असले की झाले!

वास्तविक हजार बाळांमागे एक ते तीन बाळे ऐकण्यातला मोठा दोष घेऊन जन्माला येतात. अपुऱ्या दिवसांची, जन्मताच गुदमरलेली, कावीळ फार चढलेली, काचेच्या पेटीत ठेवावी लागलेली बाळे घेतली, तर हे प्रमाण शंभरात दोन ते चारपर्यंत सांगतात. बहुतेक बहिऱ्या मुलांचे आईबाप चांगले ऐकणारे असतात. 'आमच्यात कोणी बहिरे नाही' या समाधानाला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

घरची माणसे निष्काळजी असतात असेही नाही. आजी पाळण्यामागे उभी राहून थाळी वाजवते आणि बाळ दचकते. 'अगं सूनबाई, ऐकतंय हो सगळं!' असा निर्वाळा मिळतो. पण बाळ दचकले ते कदाचित थाळीच्या हवेने, आजीच्या सावलीने किंवा पाळण्याला लागलेल्या धक्क्याने. शिवाय न ऐकणारे बाळही पहिले काही महिने इतरांसारखेच हुंकार देते, हसते, आईच्या तोंडाकडे टक लावून पाहते. पुढे शब्द फुटत नाहीत तेव्हा घरातला कोणी उशिरा बोललेला मामा किंवा काका आठवतो आणि आणखी वर्ष निघून जाते. संशयाची खात्री होईपर्यंत मूल दोन-तीन वर्षांचे झालेले असते.

आणि हीच वर्षे मोलाची. अभिमन्यूने पोटात चक्रव्यूह ऐकला ही लोकांच्या तोंडची कथा. पण गर्भातले मूल शेवटच्या तीन महिन्यांत आवाज ऐकते हे आता शास्त्रानेही मान्य केले आहे. जन्मानंतर तर मेंदू भाषेचे धागे भराभर विणू लागतो आणि सूत मिळाले नाही तर माग रिकामा राहतो. १९९८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत दोष ओळखून उपाय सुरू झालेल्या मुलांची भाषा, उशिरा ओळखल्या गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस आढळली. तेव्हापासून डॉक्टरांचा हिशेब ठरून गेला आहे: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय. आपण अशा मुलाला 'मुका' म्हणून मोकळे होतो. त्याचा गळा ठणठणीत असतो. त्याला बोलणे ऐकायला मिळालेले नसते, इतकेच.

ही चाचणी म्हणजे काही अवघड प्रकरण नव्हे. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७८ साली एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. कान नुसता ऐकत नाही, तो उत्तरही देतो! आतल्या शंखातल्या सूक्ष्म केसपेशी आवाजासरशी हलतात आणि त्यांच्या हालचालीचा क्षीण प्रतिध्वनी बाहेर येतो. दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या कानात एक मऊ बोंडी बसवायची. ती टिकटिक आवाज सोडते आणि तिच्यातलाच मायक्रोफोन हा प्रतिध्वनी टिपतो. काही मिनिटांत यंत्र 'पास' किंवा 'रेफर' सांगते. सुई नाही, दुखणे नाही.

या 'रेफर' शब्दाने मात्र पुष्कळ घोटाळा केला आहे. कोणी तो ऐकून रडू लागते, तर कोणी कागद गादीखाली सारून देते. रेफर म्हणजे बहिरेपणा नव्हे. पहिल्या दिवशी कानात गर्भजल किंवा मळ असला तरी असे होते. बाळाला पुन्हा आणा, एवढाच त्याचा अर्थ. पण आणायचे ते आणायचेच. काचेच्या पेटीतल्या बाळांना मात्र निराळी 'बेरा' चाचणी लागते, कारण त्यांचा शंख उत्तर देत असूनही पुढची नस निरोप पोचवीत नाही, असे घडू शकते.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहा. मुलांची जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी करण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो पालघर येथे, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते; वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. कार्यक्रमाच्या तीस दोषांच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. पण घरी येणाऱ्या आशाताईंना फाटलेला ओठ दिसतो, वाकडे पाऊल दिसते; न ऐकणारा कान कसा दिसावा? त्याला यंत्रच हवे.

आणि यंत्राची अडचण गणिताची आहे. वसई-विरारची वस्ती २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती, आणि इथली पुष्कळ बाळंतपणे छोट्या नर्सिंग होममध्ये होतात. समजा, एका ठिकाणी महिन्याला वीस बाळंतपणे होतात, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. हजारी दोन हा हिशेब धरला, तर तिथे असे बाळ दोन वर्षांतून एकदा येणार आणि न ओळखता घरी जाणार. डॉक्टर मनापासून म्हणतात, 'माझ्याकडे असं मूल कधी आलंच नाही!' एकट्याने महागडे यंत्र घ्यावे असे त्यांना वाटत नाही, आणि त्यांचा दोष तरी काय?

कोची शहरात बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ साली यावर तोड काढली. यंत्र एकच, ते चालवणारी व्यक्ती एकच. पण ती आळीपाळीने प्रसूतिगृहांतून फिरते. आपल्याकडे भाजीवाला फिरतो, दूधवाला फिरतो. वसईच्या डॉक्टरमंडळींना एक यंत्र वर्गणीने फिरवणे जड जाऊ नये, असे मला तरी वाटते.

निदान पक्के झाले तर पुढची वाट बंद नाही. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा बिशप लिओ म्युरिन यांनी १८८५ साली काढली, ती देशातली पहिली. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. श्रवणयंत्र काही महिन्यांच्या बाळालाही बसते. त्याने भागत नसेल तर वर्षाच्या सुमारास कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो, आणि गरीब घरच्या मुलांसाठी सरकारी मदतीच्या योजनेतून या संस्थेमार्फत त्याची व्यवस्थाही होते. कित्येक घरे खुणांची भाषा शिकतात. तीही पुरी भाषा आहे, तिला कमी लेखू नये. भाषा कोणतीही असो, ती वेळेवर पोचावी लागते.

अर्नाळ्याहून वांद्र्याला बेरासाठी निघालेल्या आईला एक विचित्र सूचना असते: बाळाला वाटेत झोपू देऊ नका, तिथे आल्यावर झोपवा. बाळ गाढ झोपल्याशिवाय ही चाचणी होत नाही. म्हणून पहाटेच्या एस.टी.त आणि मग विरार लोकलच्या गर्दीत ती त्याच्या तळव्यांना गुदगुल्या करीत बसते. डब्यातल्या बायका विचारतात, 'अगं, झोपू दे की लेकराला!' काय सांगणार ती? खोलीत शिरल्यावर ती त्याला पाजते आणि थोपटते. कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या जातात. पडद्यावर लाटा उमटू लागतात. त्यांतली पाचवी लाट महत्त्वाची. तपासणारी बाई आवाज पायरीपायरीने कमी करीत जाते आणि ती लाट कुठवर टिकते ते पाहते. अर्धाएक तास जातो. आईला त्या लाटांतले काही कळत नाही. ती पडद्याकडे न पाहता बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत असते.