व्हिडिओ गेम म्हणजे नेमकं काय?

“झाला का तुझा व्हिडिओ गेम सुरू?” सुट्टीच्या दिवशी हे वाक्य आपल्या घरांत एकदा तरी ऐकू येतंच. रांध्यात, सिल्वासात मराठी, गुजराती, वारली, हिंदी असं काहीही कानावर पडो, हा शब्द सगळीकडे जसाच्या तसा. पण आई, बाबा आणि मुलगा तो उच्चारतात तेव्हा तिघांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते का?

माझ्या पिढीचा व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला वायरने जोडलेला डबा, पिवळी कॅसेट आणि मारिओ. आमच्या मोठ्या भावंडांना नाणं टाकून खेळायचं पार्लर आठवेल. गंमत म्हणजे पेपरात ‘व्हिडिओ गेम पार्लरवर छापा’ असं आलं, की बातमी बहुधा जुगाराची असते. आणि मुंबईच्या बोलीत एखाद्याचा ‘गेम केला’ म्हणजे तर माणूसच उडवला!

लॅटिनमध्ये ‘व्हिडिओ’ म्हणजे ‘मी पाहतो’. पण नुसतं पाहणं म्हणजे गेम नव्हे. कार्टून आपलं ऐकत नाही, गेम ऐकतो. आपण बटण दाबतो, यंत्र हिशेब करतं आणि पडद्यावरचं चित्र बदलतं. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी ऑसिलोस्कोपवर टेनिसचा खेळ मांडला, तो असाच. आजचा मोबाइल हेच काम सेकंदाला तीस-साठ वेळा करतो.

खरा घोळ इथून पुढे आहे. माइनक्राफ्टमध्ये घर बांधणं, ऑनलाइन बुद्धिबळ, बीजीएमआय आणि पैसे लावून रमी, सगळ्याला आपण ‘गेम’च म्हणतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने मात्र ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सोशल गेम आणि पैशांचे गेम असे वेगळे कप्पे केले. पैसे जिंकायच्या आशेने पैसे लावले, की तो तिसरा कप्पा. मग त्यात कौशल्य असो वा नशीब. तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता बीजीएमआयमध्ये पैसे देऊन पेटी उघडायची, आत काय निघेल ते आधी कळत नाही. हा कुठला कप्पा? कायद्याचं काहीही असो, मला ती पेटी खटकते.

‘किती वेळ खेळतोस?’ हे आपण विचारतोच. एकदा ‘कुठला खेळतोस, त्यात पैसे कशाला लागतात?’ हेही विचारा. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती आज रात्रीच सुरू करा.