लोणारच्या खड्ड्यावरचे प्रश्नचिन्ह

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरावर लिहिलेल्या शोधनिबंधांची नुसती शीर्षके सालवार मांडून वाचावीत. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ हे दोन अमेरिकी शास्त्रज्ञ शीर्षकातच विचारतात : हे उल्केने पाडलेले विवर आहे काय? १९७२ मध्ये सागर विद्यापीठाचे व्ही. के. नायक तिथे सापडलेल्या काचेच्या गोळ्यांविषयी लिहितात. त्यांच्या शीर्षकात ‘संभाव्य’ हा शब्द आहे आणि कंसात एक प्रश्नचिन्हही. लगेच १९७३ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध येतो : बेसॉल्टमधले आघातविवर. इथे प्रश्नचिन्ह नाही. १९८० मध्ये तर शीर्षक उरते फक्त लोणार विवराचे भूशास्त्र. जणू विवर आकाशातून आलेल्या दगडाने झाले यात कधी कुणाला शंकाच नव्हती!

शंका नव्हती ती उलट बाजूने. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या सरोवराची नोंद केली, तेव्हापासून जवळजवळ दीड शतक बहुतेक भूशास्त्रज्ञ ते ज्वालामुखीचेच काम मानत. त्यात मूर्खपणा काही नव्हता. आपल्या पायाखालचा सगळा काळा पाषाण, बेसॉल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. अशा मुलखात पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल, वाटोळा खड्डा दिसला, तर माणूस आणखी काय म्हणणार? ला टूश आणि क्रिस्टी यांनी १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी इथला अभ्यास केला. पाण्यातल्या क्षारांचे पृथक्करण केले, दल्ला, खुप्पल, पापडी ही स्थानिक नावे जपून नोंदवली. काम चोख होते. मूळ गृहीताला मात्र कुणी हात लावला नाही.

थॉमस कून या अमेरिकी विज्ञान-इतिहासकाराने १९६२ मध्ये वैज्ञानिक क्रांतीच्या रचनेवर एक छोटेसे पुस्तक लिहिले. विज्ञान वीट-वीट रचत सरळ वर चढत नाही, असे त्याचे म्हणणे. आधी एक चौकट बसते, मग पिढ्यान्पिढ्या त्या चौकटीतली कोडी सोडवली जातात. काही गोष्टी बसत नाहीत, त्या बाजूला ठेवल्या जातात. ढीग फार वाढला की अरिष्ट येते, चौकट मोडते, नवी येते, आणि पुन्हा शांतपणे कोडी सुरू. हे खरे मानले, तर कोणताही नवा शोधनिबंध हातात घेऊन विचारता यायला हवे : हा कोणत्या टप्प्यावरचा? लोणारसारखी सोय यासाठी क्वचितच मिळते, कारण इथे सगळे टप्पे एकाच काठावर उभे राहून पाहता येतात.

बाजूला ठेवलेल्या गोष्टी काठावरच होत्या. आजूबाजूचे थर आडवे, पण विवराच्या ओठापाशी ते वर उचललेले, बाहेरच्या बाजूला कललेले; काही ठिकाणी नांगराच्या फाळाने माती उलटावी तसे पालथे पडलेले. खड्डा दिसायला ताजा, खडक मात्र कोट्यवधी वर्षे जुना. आणि त्या खड्ड्यातून आलेला म्हणावा असा नवा लाव्हा कुठेच नाही. ज्वालामुखी फुटला, तर त्याचा माल कुठे गेला?

यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टची. १८९१ मध्ये हा नामवंत अमेरिकी भूशास्त्रज्ञ ॲरिझोनातल्या एका प्रचंड खड्ड्यापाशी गेला. उल्केचा लोखंडी गोळा तळाशी पुरलेला असेल, तर चुंबकाची सुई हलायला हवी, असा त्याचा हिशेब. सुई हलली नाही. त्याने वाफेच्या स्फोटाच्या बाजूने कौल दिला आणि १८९६ च्या निबंधात ॲरिझोनाच्या पंगतीला आपले लोणारही बसवले. गंमत अशी, की याच गृहस्थाने १८९३ मध्ये चंद्रावरची विवरे आघाताने झाली असे ठासून मांडले होते! चंद्राच्या बाबतीत त्याला जे दिसले, ते पायाखाली दिसले नाही. त्याचे मोजमाप बरोबर होते. पण प्रचंड वेगाने आदळणारी वस्तू स्वतःच बव्हंशी चुरा आणि वाफ होऊन जाते, ही गोष्ट तेव्हाच्या चौकटीत नव्हती.

ॲरिझोनाचा निकाल १९६० मध्ये लागला. प्रचंड दाबाखाली क्वार्ट्झपासून बनणारे कोएसाइट हे खनिज तिथे सापडले. लोणारला ही कसोटी लावता येईना, कारण बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच. पुरावा दुसऱ्याच खनिजात शोधावा लागणार होता, आणि तो सापडला तिथवरचा रस्ता बिहारमधून जातो. १८६५ मध्ये गया जिल्ह्यात शेरघाटीला एक अशनी पडला. त्यात चेरमाक या खनिजशास्त्रज्ञाला एक विचित्र काच आढळली. तिला त्याने १८७२ मध्ये मास्केलिनाइट असे नाव दिले. फेल्डस्पार हे खनिज न वितळता, केवळ धक्क्याने काच झाले की मास्केलिनाइट बनते. शेरघाटीचा तो दगड मंगळावरून आला, असे आज मानतात. त्या नामकरणानंतर सुमारे शंभर वर्षांनी लोणारच्या तळाला छिद्रे पाडली गेली, आणि गाळाखालच्या भग्न खडकात तेच मास्केलिनाइट निघाले. ज्वालामुखी काहीही करो, असा धक्का तो देऊ शकत नाही.

वेळही नेमकी साधली होती. अपोलो यानांनी चंद्रावरून आणलेले खडक प्रयोगशाळांत होते. चंद्राचे काळे डाग बेसॉल्टचेच. फ्रेड्रिक्सन यांच्या निबंधात लोणारच्या काचमण्यांची तुलना थेट त्या नमुन्यांशी आहे. १९६४ मध्ये प्रश्न विचारणारा डिट्झही साधा नव्हे. समुद्रतळ पसरतो हा विचार नाव देऊन मांडणाऱ्यांत तो होता. म्हणजे एकाच दशकात त्याचा हात दोन क्रांत्यांना लागलेला.

मग आजच्या संशोधनाचे काय? २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितले : पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव माजले. सुंदर काम, पण कूनच्या भाषेत निव्वळ कोडे. चौकटीला धक्का नाही.

वयाचा मामला जरा वेगळा. काचेत साठलेल्या प्रकाशऊर्जेवरून विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघाले होते. आरगॉन वायूच्या पद्धतीने २०११ मध्ये ते ५ लाख ७० हजारांवर गेले. त्याआधी परिषदेत मांडलेल्या टिपणाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह पुन्हा हजर होते. २०१४ मध्ये विश्वकिरणांनी खडकात घडवलेल्या अणूंवरून उत्तर आले साडेसदतीस हजार. पंधरापट तफावत! हे अरिष्ट म्हणायचे का? माझ्या मते नाही. कोणताही आकडा खरा ठरला, तरी विवर आघाताचेच राहते. भांडण घड्याळांचे आहे. वितळलेल्या काचेत जुन्या बेसॉल्टचा आरगॉन थोडा जरी अडकून राहिला, तर ती आहे त्यापेक्षा म्हातारी भासते. त्यामुळे तो किती उरला आणि हिशेबातून नीट वजा झाला का, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

आणि जवळच अंबर तळे आहे, शे-तीनशे मीटरचे. मोठ्या दगडाचा तुकडा पडून ते झाले, असे काहींना वाटते. इतरांना त्याचे कडे माणसाने घातलेल्या बांधासारखे दिसते. त्याच्याविषयी लिहिताना प्रश्नचिन्ह अजून काढता येत नाही.