कृत्तिकांची गाडी आणि चार सारखे टायर



आपला वर्ग सुटल्यावर पार्किंगमधल्या गाड्यांवर एकदा नजर टाका. त्यांत एखादी तरी लांबट, मागे मोठी डिकी असलेली, कडेला थोडी गंजलेली जुनी सुबारू स्टेशन वॅगन दिसेल. तिच्या पुढच्या बिल्ल्यावर सहा तारे असतात. 'सुबारू' हे जपानी भाषेत एका तारकापुंजाचे नाव आहे, आणि तो तारकापुंज म्हणजे आपल्या कृत्तिका! आपल्या पुराणातही कृत्तिका सहाच. कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा माता. हिवाळ्यात बर्फातून आपल्याला घरी आणणाऱ्या गाडीला हे नाव शोभते.

वर्गातल्या मोठ्या मुलांपैकी काहींच्या हाती या वर्षी घरातली जुनी गाडी येणार आहे. आमच्याही घरी तेच झाले आहे. वीस वर्षांहून जुनी आऊटबॅक मुलीकडे गेली, आणि किल्ली देताना जे सांगितले तेच इथे लिहितो. आकडे २००० ते २००४ या काळातल्या २.५ लिटर इंजिनाच्या आऊटबॅकचे आहेत. तुमची गाडी वेगळी असेल तर तिचे पुस्तक पाहा. तत्त्व तेच राहील.

चारही चाकांना जोर

साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. ती दोन चाके बर्फावर घसरली की गाडी जागच्या जागी फिरफिर करते. सुबारूने १९७२ साली जपानमध्ये लिओन नावाच्या वॅगनमध्ये चारही चाकांना जोर द्यायची सोय केली. आऊटबॅक आली ती १९९५च्या मॉडेलपासून.

पण चार चाके एकत्र जोडायची तर एक अडचण येते. ती समजायला आजोबांच्या गावातले खळे आठवा. मधोमध तिवडा रोवलेला, त्याला ओळीने बैल बांधलेले आणि ते गोल फिरत मळणी करताहेत. तिवड्याजवळच्या बैलाला थोडेच चालावे लागते आणि कडेच्या बैलाला पुष्कळ. दोघांनी सारखीच पावले टाकायची म्हटली तर कोणीतरी फरपटणारच. मोटार वळते तेव्हाही बाहेरच्या चाकाला जास्त फिरावे लागते, आतल्याला कमी. डाव्या-उजव्या चाकांतला हा फरक 'डिफरन्शियल' सांभाळते. पुढच्या आणि मागच्या जोडीतला फरक सांभाळायला ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सच्या मागे तेलात बुडालेल्या चकत्यांचा एक क्लच असतो. गरज पडली की तो घट्ट धरतो, वळणावर थोडा सुटतो.

टायरचे गणित

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा एक टायर खिळ्याने कायमचा गेला. बाकीचे तीन अर्धे झिजलेले, पण अजून चालणारे. मी म्हटले, चार कशाला घ्यायचे? एकच नवा घेतला आणि पैसे वाचवले म्हणून खूश झालो.

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, अर्ध्या झिजलेल्याची ४. म्हणजे त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक. परिघातला फरक २ × ३.१४ × ४, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. या गाडीच्या टायरचा परीघ सुमारे २१२ सेंटिमीटर. नवा टायर एका मैलात अंदाजे ७५७ फेरे मारतो, तर अर्धा झिजलेला ७६६. म्हणजे मैलामागे नऊ फेऱ्यांचा फरक, आणि तोही सरळ रस्त्यावर! डिफरन्शियलला क्षणभरही विश्रांती नाही, आणि त्यातला निम्मा फरक मागच्या क्लचपर्यंत पोचतो. वळणापुरते सुटायला बनवलेला क्लच मग मैलोनमैल घासत राहतो.

सुबारूचा नियम असा, की चार टायरांच्या परिघात पाव इंचाहून, म्हणजे ६ मिलिमीटरहून जास्त फरक नसावा. त्रिज्येत हे जेमतेम १ मिलिमीटर होते. मी चौपट फरक घेऊन फिरत होतो! पुढे पार्किंगमध्ये वळताना गाडी अडखळू लागली. शेवटी क्लच बदलावा लागला, आणि तीन टायरांचे वाचवलेले पैसे व्याजासकट गेले.

म्हणून चारही टायर एकाच आकाराचे, एकाच जातीचे ठेवा आणि एकदमच बदला. दर ६,००० ते ७,५०० मैलांनी त्यांच्या जागा बदलून घ्या, म्हणजे ते सारखे झिजतील. हवा महिन्यातून एकदा तपासा. एकच टायर गेला आणि बाकीचे चांगले असतील, तर नवा टायर तासून इतरांइतका करून देणारी दुकाने असतात, चौकशी करा.

गाडी वळताना अडखळते का?

मोकळ्या, कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण फिरवून अगदी हळू गोल चक्कर मारा. गाडी सहज फिरली तर ठीक. कोणी ब्रेक धरल्यासारखी ती हिसके देत असेल तर क्लच सुटत नाही असे समजा. आधी टायर मोजा, हवा पाहा. मग फ्यूजची परीक्षा करा. त्या काळच्या बहुतेक ऑटोमॅटिक आऊटबॅकमध्ये बॉनेटखाली 'एफडब्ल्यूडी' लिहिलेला एक रिकामा खाचा असतो. त्यात सुटा फ्यूज बसवला की मागच्या चाकांचा जोर बंद होतो आणि समोर तसा दिवा लागतो. फ्यूज घातल्यावर हिसके थांबले तर क्लच अजून सुटू शकतो. टायर, गिअरबॉक्सचे तेल आणि विजेची जोडणी तपासायची. तरीही हिसके राहिले तर क्लच किंवा त्याची झडप अडकली आहे. नुसते तेल बदलूनही काही गाड्या सुधारतात, म्हणून महागड्या कामाआधी ते करून पाहावे.

हाच खाचा स्टेपनी लावतानाही लागतो. छोटी स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान असते, म्हणून ती असेपर्यंत फ्यूज घालायचा. ती फक्त मागे लावायची. पुढचा टायर पंक्चर झाला तर मागचे चांगले चाक पुढे आणायचे आणि स्टेपनी मागे. वेग ५० मैलांच्या आत ठेवून थेट दुकान गाठायचे. हाताने गिअर टाकायच्या गाडीत हा खाचा नसतो.

आणि गाडी बंद पडून टोइंगचा ट्रक बोलावलात, तर फोनवरच सांगा, "गाडी चारही चाकांची आहे, सपाट पाठीचा ट्रक पाठवा." दोन चाके रस्त्यावर ठेवून ओढली तर आतली यंत्रणा बिघडते.

आडवे इंजिन

बहुतेक मोटारींत इंजिनाचे दट्ट्ये खाली-वर होतात. सुबारूत ते आडवे असतात, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, जणू दोन मुष्टियोद्धे एकमेकांसमोर ठोसे मारताहेत. त्यामुळे गाडीचे वजन खाली राहते. पण २.५ लिटरच्या जुन्या इंजिनाचे एक दुखणे सर्वांना ठाऊक आहे, ते म्हणजे हेड गॅस्केट. इंजिनाचा ठोकळा आणि त्याचे डोके यांच्यामधला हा पातळ पडदा. एका बाजूला जळता वायू, दुसऱ्या बाजूला पाणी आणि तेल. या तिघांना वेगळे ठेवायचे काम त्याचे.

१९९६ ते १९९९च्या इंजिनांत तो आतल्या आत फुटे आणि जळलेला वायू कूलंटमध्ये शिरे. त्यानंतरच्या इंजिनांत तो बहुधा बाहेरच्या बाजूने, खालच्या कडेने झिरपतो. म्हणून या गोष्टींकडे लक्ष ठेवा. एक, कूलंटच्या टाकीतली पातळी पुन्हा पुन्हा उतरणे. दोन, गाडी थांबल्यावर गोडसर, जळका वास. तीन, इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे येत राहणे. चार, तापमानाचा काटा चढतो आहे आणि हीटरमधून मात्र गार हवा येते. शंका असेल तर मेकॅनिकला वायूची परीक्षा करायला सांगा. त्यातले निळे औषध पिवळे झाले की निदान पक्के.

काटा लाल खुणेकडे निघाला तर "घर जवळच आहे" म्हणू नका. बाजूला थांबा, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते. थोडेसे झिरपणारे गॅस्केट कित्येक महिने चालते, पण तापलेले इंजिन दहा मिनिटांत कायमचे जाते.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्ट. हा रबरी पट्टा तुटला तर दट्ट्ये झडपांवर आदळतात आणि इंजिन मोडते. तो १,०५,००० मैलांनी किंवा १०५ महिन्यांनी, यांतले जे आधी येईल तेव्हा बदलायचा. जुनी गाडी विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा, आणि पावती दाखवता येत नसेल तर तो बदललेला नाही असेच धरा. त्याच वेळी पाण्याचा पंप आणि पट्ट्याच्या कप्प्याही बदलून घ्याव्यात, कारण एवढे सगळे पुन्हा उघडणे महाग पडते.

तीन डिपस्टिक

ऑटोमॅटिक सुबारूत बॉनेटखाली तीन डिपस्टिक असतात. एक इंजिनाच्या तेलाची, दुसरी गिअरबॉक्सच्या तेलाची, तिसरी पुढच्या डिफरन्शियलची. घाईत तेल बदलणाऱ्या ठिकाणी कधी कधी भलताच बोल्ट उघडून दुसरेच तेल काढले जाते आणि इंजिनात तेल दुप्पट होते. म्हणून तेल बदलून आल्यावर निघण्याआधी तिन्ही स्वतः पाहा. इंजिनाचे तेल सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडे थांबल्यावर पाहायचे. गिअरबॉक्सचे तेल गाडी गरम आणि इंजिन चालू असताना.

कान आणि नाक

वळताना पुढून टक-टक-टक आवाज आला तर चाकाजवळचा अ‍ॅक्सलचा सांधा झिजला. थांबल्यावर जळक्या ग्रीसचा वास आला तर त्या सांध्यावरची रबरी पिशवी फाटून ग्रीस गरम एक्झॉस्टवर उडते आहे. वेगाबरोबर वाढणारी घुं-घुं बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागला तर घाबरू नका. १९९६ पासूनच्या सर्व मोटारींत त्यामागचा कोड वाचता येतो आणि सुट्या भागांची बरीच दुकाने तो फुकट वाचून देतात. पण कोड म्हणजे लक्षण. डॉक्टर ताप पाहून लगेच ऑपरेशन करत नाहीत. दिवा उघडझाप करू लागला तर मात्र इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही. वेग कमी करून गाडी लवकर थांबवा.

सर्वांत महत्त्वाचे

चारही चाकांचा जोर गाडी निघायला उपयोगी पडतो, थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात. बर्फात शेजारची गाडी अडकलेली असते आणि आपली सहज निघते, तेव्हा रस्ता चांगला आहे असा भ्रम होतो. पुढच्या सिग्नलला तो फिटतो. म्हणून टायर चांगले हवेत. २५ सेंटचे नाणे वॉशिंग्टनचे डोके खाली करून नक्षीत घाला. डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला तर बर्फासाठी तो टायर संपला.

हिवाळाभर रस्त्यावरचे मीठ गाडीच्या पोटाला लागते. ती खालून धुऊन घ्या आणि वर्षातून एकदा लिफ्टवर चढवून सांगाडा पाहा. इंजिन बदलता येते, गॅस्केट बदलता येते, पण गंजून पोखरलेला सांगाडा घेऊन महामार्गावर जायचे नाही. तिथे गाडीवरची माया आवरायची.

समोरच्या कप्प्यात एक वही ठेवा. तारीख, मैल, काय केले, किती पैसे. आमच्या वहीत एका टायरच्या खरेदीखाली मुलीने लिहून ठेवले आहे, "बाबा, चार घ्यायचे होते."

शब्दार्थ
खळे – मळणी करण्याची सारवलेली जागा
तिवडा – खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब
परीघ – वर्तुळाच्या कडेची लांबी
त्रिज्या – वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर
दट्ट्या – नळकांड्यात मागे-पुढे सरकणारा भाग, पिस्टन