पाण्यावर सोडलेले मूल

जगभरच्या कथांत पुन्हापुन्हा भेटणाऱ्या पात्रांना आणि प्रसंगांना समीक्षेत आदिबंध म्हणतात. कार्ल युंग यांनी त्यांचे मूळ मानवजातीच्या सामूहिक अबोध मनात शोधले. शहाणा वृद्ध, खोडकर मायावी, प्रवासाला निघालेला वीर ही त्यांतली परिचित रूपे. पण सर्वांत काळीज हलवणारा आदिबंध टाकून दिलेल्या मुलाचा.

अक्कडचा राजा सारगॉन डांबराने लिंपलेल्या टोपलीतून वाहत आला आणि एका पाणक्याच्या हाती लागला, अशी कथा आहे. बायबलमधल्या मोझेसच्या टोपलीलाही डांबरच. मात्र त्याची बहीण लांबून लक्ष ठेवून असते. महाभारतात कुंती मेणाने बंद केलेल्या पेटीत कर्णाला ठेवते. अश्वनदी, चर्मण्वती, यमुना, गंगा अशी वाहत ती पेटी चंपानगरीपाशी सारथी अधिरथाला सापडते. ऑटो रँक यांनी १९०९ मध्ये अशा कथा शेजारी ठेवून वीरजन्माचा समान आराखडा मांडला.

आराखडा एक असला, तरी अर्थ बदलतो. मोझेस आपल्या लोकांकडे परततो. कर्ण जन्माचे सत्य कळूनही त्याला वाढवणाऱ्या राधेचाच, अधिरथाच्या पत्नीचाच, मुलगा राहतो. मराठी वाचकाला तो इतका जवळचा वाटतो, तो या निवडीमुळेच. १९६७ मध्ये आलेल्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने तर कर्ण आणि कुंती दोघांनाही आपापली बाजू स्वतःच्या तोंडून मांडायला लावली.