जंगलात सरकार आले तेव्हा



ऊर्जानगरच्या मंडळीत मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. गडचिरोलीत रस्ते झाले, शाळा झाल्या, वेगळा जिल्हा झाला. मग ग्रामसभेच्या हक्कांचा एवढा आग्रह कशाला? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. चारच वर्षांत गोंड जमीनदार घराण्यातले बाबूराव शेडमाके उठावाला उभे राहिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी झाली. पुढे सरकारची नावे बदलत गेली. एटापल्लीकडे १९४० च्या सुमारास जन्मलेला माणूस गाव न सोडता मध्य प्रांत-वऱ्हाड, मध्य प्रदेश, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा चार राज्यांत राहिला. १९८२ मध्ये त्याचा जिल्हाही बदलला. जंगलाचा कायदा मात्र १९२७ चाच राहिला. त्यात बांबूलाही झाड धरलेले होते, म्हणजे त्यावर ताबा वनखात्याचा.

असे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिका पश्चिमेकडे पसरू लागली तेव्हा १७८७ च्या एका कायद्याने नियम घातला : वायव्येकडच्या प्रदेशात आधी नेमलेला गव्हर्नर, आणि ६० हजार स्वतंत्र रहिवासी झाले की नवे राज्य. मोजणी येऊन वसलेल्यांची. तिथल्या मूळ जमाती हिशेबाबाहेर. १९०५ मध्ये चेरोकी, क्रीक आदी पाच जमातींनी ‘सिक्वोया’ नावाच्या स्वतःच्या राज्याची घटना लिहून काढली. अमेरिकन संसदेने ती मानली नाही. दोन वर्षांनी त्यांची भूमी ओक्लाहोमा राज्यात गेली.

आपल्या घटनेने वेगळी वाट ठेवली. पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा लागू करू नये असे राज्यपाल ठरवू शकतात. मला विचाराल तर ही तरतूद फार काळ कागदावरच पडून राहिली. खरा फरक १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने पडला, कारण त्यांनी गावालाच अधिकार दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहतुकीचा परवाना वनखाते स्वतःकडेच ठेवून होते. तो ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले. हक्क कागदावर मिळणे आणि बांबूची गाडी गावाबाहेर निघणे यांत दोन वर्षे गेली.

हे आपल्यालाही लागू आहे. देणगीतून बोअर किंवा सभागृह करायचे ठरले, की जागा ग्रामसभेने सांगायची असते, आम्ही नव्हे. त्याला वेळ लागतो. मोहाचा हंगाम आला की माणसे पहाटेच रानात जातात आणि बैठक पुढे ढकलली जाते. या तिमाहीत दोन गावांची कामे याच कारणाने थांबली आहेत. ती तशीच थांबू द्यावीत, असे माझे मत आहे.